सुटलेला गोळा

१

माळेचं खालचं टोक डेकवर आलं तेव्हा तिच्या साखळीत एक आकडा अडकलेला होता. तो तिथे असायचं काहीच कारण नव्हतं.

माळ म्हणजे आमच्या कामातली समुद्रात उभी बांधलेली तार. तळाशी वजन म्हणून आगगाडीची जुनी चाकं. चाकांवर एक खटका, जो जहाजावरून पाठवलेल्या आवाजाच्या इशाऱ्याने उघडतो. खटक्यावर साखळी, साखळीवर पिवळ्या गोळ्यांचा घोस, आणि तिथून पार वरपर्यंत तार, तिच्या वरच्या टोकाला बोया, म्हणजे मोठं तरंगतं पिंप. तारेला जागोजागी पाण्याचा खारटपणा, तापमान आणि प्रवाह मोजणारी यंत्रं. वर्षभर ती तशीच उभी असते. मग जहाज येतं, इशारा देतं, खटका उघडतो. चाकं तळाशीच राहतात आणि बाकीचं सगळं गोळ्यांच्या जोरावर वर येतं. ते काढून घ्यायचं आणि त्या जागी नवी माळ सोडायची.

संस्थेच्या प्रयोगशाळेत ही यंत्रं तपासून देणं माझं काम. त्यासाठी जहाजावर यावं लागत नाही. या वेळी मी ही फेरी मागून घेऊन आले होते.

साखळीतला आकडा सेफ्टी बेल्टचा होता, पट्ट्यासकट. डेकच्या मागच्या कडेला काम करणाऱ्याच्या लाइफ जॅकेटलाच तो पट्टा शिवलेला असतो. आकडा कुठेतरी घट्ट अडकवला की तोल गेला तरी माणूस पाण्यात जात नाही. या आकड्याच्या मुठीवर रबरी नळीचा तुकडा चढवलेला होता, ओल्या हातातून निसटू नये म्हणून. असं करणारा या जहाजावर एकच माणूस होता. माझा धाकटा भाऊ.

गेल्या वर्षी ही माळ सोडली त्याच दिवशी तो नाहीसा झाला. चौकशीत असं ठरलं की काम संपल्यावर तो चहाला आला, कोणाशी बोलला नाही, एकटाच मागच्या कठड्याशी गेला आणि त्याने उडी घेतली. जीव द्यायला निघालेला माणूस लाइफ जॅकेट घालून कशाला जाईल, असं मी विचारलं होतं. तो कामाच्या कपड्यांतच उठून गेला, आणि अशी जॅकेटं ऐन वेळी फुगतातच असं नाही, असं उत्तर मिळालं. उत्तर देणाऱ्याने ते फार अदबीने दिलं.

तेव्हापासून आई त्याच्या शेवटच्या फोनमधली वाक्यं उलटीपालटी करत बसलेली आहे. "आल्यावर बोलू," असं तो म्हणाला होता. काय बोलायचं होतं त्याला? आपल्याला काय ऐकू आलं नाही? मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "तो आपल्याला सोडून गेला का, एवढं बघून ये. बाकी मला काही नको."

मी आकडा हातात घेऊन पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहिला. दुसरं टोक झिजून तुटलेलं नव्हतं. ते कापलेलं होतं.

२

कॅप्टनने केबिनचं दार लावून घेतलं, पट्टा टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही. निवृत्तीला आलेला माणूस. शेजारच्या मुलीशी बोलावं तसा माझ्याशी बोलायचा.

तळाशी जाऊन कोणी साखळीला आकडा अडकवणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणजे माळ सुटायच्या आधीच तो तिथे होता. आणि पट्टा कापलेला होता.

"कापलाय म्हणजे कोणीतरी कापलाय, बाई," तो म्हणाला.

त्या दिवशी मागच्या डेकच्या कामावर भावाखेरीज तिघंच होते आणि तिघंही या फेरीला जहाजावर होते. एक सारंग, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. दुसरा विंचवाला, जो तार सोडतो आणि गुंडाळतो. तिसऱ्या मॅडम, या सगळ्या कामाच्या मुख्य शास्त्रज्ञ. कॅप्टन स्वतः वर सुकाणूपाशी होता.

मी त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. चाकं सोडली, मग ती तळाशी नेमकी कुठे टेकली ते शोधायला जहाजाने एक मोठा फेरा मारला. मग चहा झाला आणि जहाज पुढच्या कामाच्या जागेकडे निघालं. जेवायला भाऊ आला नाही तेव्हा शोधाशोध सुरू झाली. जहाज उलटं फिरवलं, दुसऱ्या दिवशीही शोध चालू ठेवला.

"चहाला तो होता. म्हणून चहा जिथे झाला तिथपासून पुढचं सगळं पाणी आम्ही विंचरून काढलं," तो म्हणाला. "काही सापडलं नाही. टोपीसुद्धा नाही."

मग त्याने पट्टा माझ्याकडे सरकवला. नवी माळ सोडून होईपर्यंत काय विचारायचं ते विचारून घ्या, म्हणाला. त्यानंतर तो बंदराला कळवणार होता, आणि एकदा कळवलं की वकील बोलतात, माणसं बोलत नाहीत.

३

विंचवाला यंत्राच्या दातांना ग्रीस लावत होता. हात न थांबवता त्याने मला उलट्या बादलीवर बसायला सांगितलं. भावाला जहाजावर सगळे 'पाना' म्हणत, कारण कमरेला पाना लटकवल्याशिवाय तो दिसायचाच नाही.

"जेवताना चमचा विसरेल, पाना नाही विसरायचा," विंचवाला म्हणाला आणि हसला. मग मी कोण ते आठवून त्याचं हसू गेलं.

माळ सोडताना वरचं टोक आधी पाण्यात जातं, हे त्याने मला हातवारे करून समजावलं. जहाज हळूहळू पुढे जात राहतं, तार मागे लांबत जाते, चाकं सगळ्यात शेवटी. तोवर साखळी डेकला दोराने जखडून ठेवलेली असते. तो दोर सोडायला एक जण डेकच्या कडेवर वाकतो. तो माझा भाऊ. नियम असा की आपला आकडा डेकमधल्या कडीत अडकवायचा. पण कडी चाकांच्या पलीकडे, हात पुरत नाही. म्हणून सगळेच आकडा साखळीत अडकवायचे, कारण त्या घटकेला डेकवर तिच्याइतकं घट्ट दुसरं काही नसतं. दोर सुटला की आकडा काढायचा, बाजूला व्हायचं, ओरडून सांगायचं, आणि मग सारंग खिट्टी ओढून चाकं सोडणार.

ज्या साखळीला पुढच्या क्षणी तळाशी जायचं आहे तिलाच माणूस स्वतःला बांधून घेत होता. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि कोणाला काही झालं नव्हतं, म्हणून ते चाललं होतं.

भावाने कडी जवळ बसवून द्या म्हणून सारंगाच्या मागे धोशा लावला होता. सारंगाने चारचौघांत ऐकवलं होतं, हे जहाज तुझ्या आजोबांची इस्टेट नाही. त्यानंतर दोघं कामापुरतंच बोलत.

"चाकं सुटली तेव्हा तुम्ही काय पाहिलंत?" मी विचारलं.

त्याने बोया पाहिला होता. सगळ्यांनीच पाहिला होता. चाकं बुडायला लागली की पार लांबचा वरचा बोया पाणी कापत जहाजाकडे धावत येतो आणि एकदम गडप होतो. दिवसभराच्या राबण्यात बघण्यासारखं तेवढंच असतं. आचारीसुद्धा हात पुसत बाहेर येतो. त्या वेळी डेकच्या कडेकडे कोणी बघत नाही.

चहाला भाऊ कुठे बसला होता, हे विचारल्यावर त्याचा ग्रीसचा हात पहिल्यांदा थांबला. तो म्हणाला की चहा त्याने इथेच, विंचपाशी घेतला होता. पाना गप्प गप्प होता, एवढं त्याला माहीत होतं. कोणाकडून, ते त्याला आठवत नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडे न बघता उत्तरं दिली. हवा बिघडत होती, त्यांनी घाई केली होती, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. वरच्या डेकवरून वॉकीटॉकीवर "सोडा" त्यांनीच म्हटलं होतं. चहा त्यांनी प्रयोगशाळेत घेतला.

"पण तो चहाला होता ना," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी पाहिलं होतं."

सगळे म्हणजे कोण, असं मी विचारलं. त्यांनी आचाऱ्याला विचारा म्हटलं.

आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी किटली भरून ठेवतो, तोंडं बघत नाही. उरला एकच माणूस.

४

सारंगाकडे जायच्या आधी मी पट्टा भिंगाखाली धरला.

समुद्राच्या तळाशी उजेड नसतो आणि शेवाळ धरत नाही. त्यामुळे धागे काल कापल्यासारखे स्वच्छ होते. टोकाची निम्मी रुंदी सुरीने सरळ कापलेली होती. उरलेल्या निम्म्यात धागे लांब लांब ओढले जाऊन तुटले होते. डेकवर सैल पडलेला पट्टा कोणी कापला असता तर काप आरपार गेला असता. इथे सुरी अर्ध्यापर्यंत पोहोचली आणि बाकीचं काम प्रचंड ताणाने केलं. पट्ट्यावर असा ताण डेकवर कधी येत नाही. खाली चाकं ओढत असतील तेव्हाच येतो.

आणि आकड्याच्या बाजूला पट्टा जवळजवळ पूर्ण लांबीचा शिल्लक होता. काप अगदी छातीपाशी होता. तिथपर्यंत हात एकाचाच पोहोचतो, ज्याने जॅकेट घातलं आहे त्याचा.

कोणी त्याला कापून टाकलं नव्हतं. चाकं सुटली तेव्हा तो अडकलेलाच होता, साखळीबरोबर ओढला गेला, आणि पाण्याखाली जाता जाता त्याने कमरेची सुरी काढून स्वतःला सोडवलं.

मी भिंग खाली ठेवलं.

म्हणजे चहाच्या कितीतरी आधी तो पाण्यात होता. मग चहाला जो गप्प गप्प बसला होता, तो कोण?

बाहेर डेकवर दोन खलाशी हुज्जत घालत होते. वर काढलेले पिवळे गोळे ते मांडणीत रचत होते, आणि एक गोळा उरत होता. मांडणीत माळेतल्या गोळ्यांइतकीच भोकं होती, ती सगळी भरली होती आणि हा पायाशी गडगडत होता.

"हा पाहुणा कोणाचा?" एक म्हणाला.

"तुझ्या सासरचा. घे मांडीवर."

मी विचारलं तेव्हा कळलं की तो गोळा मॅडमनी नवा आणला होता. गेल्या वर्षी माळ सोडताना खालच्या घोसातला एक गोळा सुटून वाहून गेला, त्याची जागा भरायला.

मी मांडणीपाशी उभी राहिले आणि प्रत्येक गोळ्याला हात लावला. सगळे जुने, सगळ्यांवर तळाचा बारीक गाळ. जुन्या माळेतला एकही गोळा कमी नव्हता.

मग गेल्या वर्षी पाण्यावर काय तरंगत होतं?

५

जेवणघरात दुपारी कोणी नसतं. कॅप्टनने तिघांना तिथे बोलावलं. मी पट्टा टेबलावर ठेवला आणि जे होतं ते क्रमाने सांगितलं. आधी काप, मग ताण, मग गोळे.

गोळ्यांचं सांगून झाल्यावर विंचवाला खुर्चीत मागे सरकला. मॅडम स्थिर बसल्या होत्या. त्या माझ्याआधी शेवटापर्यंत पोहोचल्या होत्या. हुशार बाई होत्या.

"जॅकेट फुगलं की पिवळं दिसतं," मी म्हटलं. "गोळ्यांसारखंच."

विंचवाल्याने सांगायला सुरुवात केली. बोया बुडाल्यावर त्यानेच मागे पाण्यात पिवळं काहीतरी पाहिलं होतं. खालचा घोस नुकताच तिथेच बुडाला होता, तेव्हा त्यातलाच एक गोळा सुटून वर आला, असं कोणालाही वाटलं असतं. जहाजाने तोवर फेऱ्यासाठी वेग घेतला होता. त्याने मॅडमना हाक मारून दाखवलं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं आणि एका गोळ्यासाठी वळायचं नाही, असं सांगितलं.

"हलतोय तो, असं मी म्हटलं होतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "मॅडम म्हणाल्या, लाटेवर गोळा हलणारच."

मॅडमनी नकार दिला नाही. लाट उंच होती, क्षणभर पिवळा ठिपका दिसायचा, मग नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आणि चहाला सगळे होते असं कळल्यावर त्या ठिपक्याचा विचार पुन्हा कधी मनात आला नाही.

आता सगळे सारंगाकडे बघत होते. जाडजूड, पिकल्या मिशांचा माणूस. त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले होते.

चाकं सुटल्यावर डेकवरची डोकी मोजायची, हे काम सारंगाचं. चाकांचा ढीग पुरुषभर उंच, त्याच्यापलीकडे वाकलेला माणूस त्याला दिसत नव्हता. त्याने हाक दिली आणि साखळीच्या खडखडाटात उत्तर आल्यासारखं वाटलं. मॅडमचं "सोडा" आलं, त्याने खिट्टी ओढली. मग तोही बोया बघायला वळला. डोकी मोजली नाहीत.

"जेवायच्या वेळी साहेबांनी विचारलं, याला शेवटचा कधी पाहिला," तो म्हणाला. "मोजणी केली नाही हे कसं सांगू? चहाला होता म्हटलं. मला वाटलं असेलच चहाला. कुठे जाणार?"

"आणि गप्प गप्प होता, ते?" मी विचारलं.

"ते चौकशीवाल्यांनी विचारलं, ताई. कसा होता, काय बोलला. बोलला नाही म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?"

त्या उत्तरावर माझ्या आईने वर्षभर स्वतःला सोलून काढलं होतं. मला सारंगाचा राग यायला हवा होता. तो माणूस माझ्यासमोर बसल्या जागी म्हातारा होत होता आणि मला कसलाच राग येत नव्हता.

कॅप्टन उठून खिडकीशी गेला. पाठ आमच्याकडे ठेवूनच तो बोलला.

"तू चहाचं नाव घेतलंस म्हणून मी पुढे शोधलं," तो सारंगाला म्हणाला. "माळेच्या जागी परत गेलोच नाही. तो मागे होता."

६

संध्याकाळी कॅप्टनने मला बोलावलं. नवी माळ सोडायची वाट न बघता त्याने बंदराला कळवलं होतं. मॅडमनी आपलं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, सारंगाला कामावरून उतरवलं होतं. आता सगळं बाहेर येईल, पेपरात छापलं जाईल, तेव्हा घरी आधी तुम्हीच सांगा, असं म्हणून त्याने सॅटेलाइट फोन माझ्यापुढे ठेवला.

मी त्याला एक गोष्ट विचारली. तो टाळत होता. मी पुन्हा विचारली.

"पाणी कोमट असतं इथे," तो शेवटी म्हणाला. "जॅकेट फुगलेलं असलं तर माणूस दिवस काढतो. रात्रही काढतो. त्याहून जास्त काढलेले लोक मला माहीत आहेत." मग तो म्हणाला, "तुम्ही हे विचारायला नको होतं, बाई."

तो बाहेर गेला. मी नंबर लावला.

आईने पहिल्या घंटेलाच उचलला. मी सांगितलं की त्याने उडी घेतली नव्हती. साखळीला अडकून ओढला गेला. कोणावर रागावून नाही, कशाला कंटाळून नाही. कामात होता.

"त्याने पट्टा कापला, आई. पाण्याखाली. त्याला वर यायचं होतं."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. एक वर्ष छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी तिने खाली ठेवलं, ते मला इतक्या लांबून कळलं. त्या क्षणापुरतं मी जे आणायला आले होते ते मी तिला दिलं होतं. मग तिने विचारलं, "आला का वर?"

पेपरात येणार होतं. सारंग सांगणार होता, मॅडम सांगणार होत्या.

"आला."

"आणि जहाज?"

"त्यांनी पाहिलं नाही, आई."

फोनमध्ये खरखर येत होती. खाली डेकवर खलाशी अनवाणीच, समुद्राचं पाणी ओतून डेक धूत होते.

"पाणी गार होतं का ग?" तिने विचारलं. शेजारणीच्या दिराने तिला सांगितलं होतं म्हणे, की गार पाण्यात माणसाला लगेच गुंगी येते. काही कळत नाही.

माझं सगळं आयुष्य पाण्याचं तापमान अचूक मोजण्यात गेलं आहे.

"हो," मी म्हटलं. "खूप गार होतं."

"बरं झालं," आई म्हणाली.